डाव्या हाताने भरलेली मोटर

हरिहररावांचा फोन आला की प्रीतम मोबाइल माझ्या हातात कोंबतो आणि बाथरूममध्ये जाऊन बसतो. माझ्या बहिणीचा मुलगा, चौतिशीचा झालाय, पण गिऱ्हाइकाशी बोलायचं म्हटलं की त्याच्या पोटात कळ येते. "मावशी, तूच बोल. तुझं ऐकतात ते." माझं कोणी काही ऐकत नाही. मी ऐकून घेते, एवढंच.

"मंजुळाबाई," हरिहरराव म्हणाले, "माझी गाडी उलटी धावतेय."

"उलटी म्हणजे पालथी?"

"उलटी म्हणजे मागे. बटण दाबलं की ढुंगण पुढे करून पळते. आत्ता कपाटाखाली गेली."

मला हसू आलं, पण गिऱ्हाईक चांगलं आहे म्हणून गिळलं. म्हटलं, घेऊन या.

आमचा धंदा सांगितला की लोक आधी हसतात, मग विचारतात, ह्यात पोट भरतं का. भरतं. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी ट्रॅकवर पळणाऱ्या विजेच्या गाड्या मिळायच्या. ट्रॅकला खाच असते, गाडीच्या पोटाखालची पिन त्या खाचेत बसते. खाचेच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांतून करंट येतो. हातातलं बटण दाबाल तशी गाडी पळते. तेव्हा ही चैन डॉक्टर-वकिलांच्या पोरांची. ती पोरं आता रिटायर झाली आणि माळ्यावरचे खोके काढून बसली. बघतात तर टायरचं रबर वितळून चिकट झालेलं, गिअरचे दाते पडलेले, मोटर जळलेली. मग आमची आठवण होते. प्रीतम टायर ओततो आणि गिअर थ्रीडी मशीनवर छापतो. मोटरी मी भरते. मोटरीच्या आत बोराएवढा लोखंडी तुकडा फिरतो, त्याला आर्मेचर म्हणतात. त्याला तीन फांद्या असतात, प्रत्येक फांदीवर केसासारखी तांब्याची तार गुंडाळायची. डोळे फुटायची वेळ येते, पण डोंबिवलीत दुपारी टीव्हीवरच्या सासवा बघत बसण्यापेक्षा बरं.

मला हे येतं, कारण ह्या गाड्या आम्हीच बनवलेल्या. वागळे इस्टेटला खेळण्यांची एक कंपनी होती, कधीच बंद पडली. लग्नाआधी मी तिथे होते. आधी मोटरी भरायला, मग माझा हात सोल्डरिंगला चांगला बसतो म्हणून जोडणीला टाकलं. भरलेली मोटर गाडीत बसवायची आणि दोन तारा जोडायच्या, हे माझं काम. माझ्या डाव्या बाजूला मोटरी भरायला बसायची ती गोदा.

गोदा ठाण्याजवळच्या बाळकुमची. बाप मिठागरावर जायचा, थोडी भातशेती होती. तिच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट. माझ्या डब्यातली भेंडी बघून म्हणायची, "ह्ये काय गो, गवत?" आणि तीच भेंडी संपवायची. माझं नाव घेताना तिची जीभ वळायची नाही. मंजुला म्हणायची. मला सगळं जग मंजुळा म्हणतं, मंजुळाबाई म्हणतं, मावशी म्हणतं. मंजुला म्हणणारी ती एकच.

हरिहरराव दुसऱ्याच दिवशी नौपाड्याहून आले. गाडी स्टीलच्या डब्यात, मऊ फडक्यात गुंडाळलेली. लाल रंगाची, एक आरसा तुटलेला. डब्याला अजून बेसनाच्या लाडवांचा वास होता.

"मोटर जळलेली," ते म्हणाले. "तुमच्याकडे नंबर लागेना, म्हणून दुसरीकडून भरून घेतली. चुकलंच माझं."

"मग आता भोगा," मी म्हटलं. चहा मात्र टाकला.

प्रीतमने गाडी उलटून बघितली. "काका, ह्या दोन ताराच बदला ना. ही इकडे, ती तिकडे. जाईल सरळ."

"अजिबात नाही." हरिहरराव एकदम ताठ बसले. "ह्या तारा कंपनीने जोडल्यात. मूळ जोडणीला हात लावायचा नाही. मोटर उपसा, सगळी तार काढून टाका आणि मंजुळाबाई, तुमच्या हाताने नीट भरा."

ह्या लोकांचं असंच. गाडी धावली नाही तरी चालेल, पण कंपनीचा स्क्रू हलता कामा नये. कंपनी म्हणजे ह्यांना काय वाटतं कोण जाणे. कंपनी म्हणजे आम्ही चौदा बायका आणि तंबाखू चघळणारे एक साहेब.

ते गेल्यावर मी मोटर उघडली आणि भिंग डोळ्याला लावलं.

तार नवी, चकचकीत. वेढे एकावर एक इतके बसलेले की मधे नख शिरणार नाही. आणि सगळे वेढे उलट्या दिशेने. आपण उजव्या हाताने गुंडाळतो त्याच्या बरोबर विरुद्ध. तार संपते तिथे दोरा बांधतात, सुटू नये म्हणून. सगळे साधी गाठ मारतात. इथे गजऱ्यात फुलाच्या देठाला टाकतात तशी दुहेरी अढी होती.

मी भिंग खाली ठेवलं. परत उचललं. प्रीतम काहीतरी विचारत होता, मला ऐकू येईना.

अशी अढी घालणारी आणि असं उलटं भरणारी बाई मी आयुष्यात एकच बघितली. गोदा डावखुरी होती. घरी डाव्या हाताने जेवते म्हणून मार खायची. कंपनीत मात्र कोणी बघितलं नाही, कारण तिच्याइतका भरभर हात कोणाचा नव्हता. पण मोटर उलटी भरली तर उलटी फिरते, हे तिला कोणी सांगितलंच नाही. तपासणीवाला फक्त फिरते का बघायचा, कुठल्या बाजूला ते बघायचा नाही. कळलं ते मला. एकदा तिची मोटर जोडून मी गाडी ट्रॅकवर ठेवली तर ती मागे यायला लागली. ट्रेमधली दुसरी जोडली, तीही मागे. साहेब बाहेर पिचकारी मारायला गेलेले. मी पटकन तारा सोडवल्या, अदलाबदल करून परत जोडल्या. गाडी सरळ गेली.

सांगितलं असतं तर साहेबांनी गोदाला पॅकिंगला टाकलं असतं, वरच्या मजल्यावर. मग माझ्या बाजूला कोण बसणार होतं? वरची सुगंधा? तिच्याशी दोन वाक्यं बोललं की तिसऱ्याला ती व्रतवैकल्यांवर यायची. मी गप्प बसले. गोदाचा ट्रे आला की तारा उलट जोडायच्या, बाकीच्यांच्या सरळ. झाकण बसलं की कोणाला काय दिसतंय. गाड्या पॅक होऊन गेल्या, एकही परत आली नाही.

आणि मग एक दिवस गोदा माझ्याशी बोलायची बंद झाली. जागा बदलून दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. विचारलं तर तोंड फिरवायची. मला वाटलं, होईल शांत. तेवढ्यात तिचं लग्न ठरलं, मला पत्रिका नाही. लग्नानंतर मी बाळकुमला तिच्या घरी गेलेले. तिची आई ओटीवर तांदूळ निवडत बसलेली. मान वर न करता म्हणाली, "ती सासरी गेली. तुला पत्ता देवू नको बोलली."

माझंही लग्न झालं. नवरा चांगला होता, गेला बिचारा. त्याची आठवण आली तर मी त्याच्या फोटोसमोर बसते, चार शब्द बोलते. गोदाचा माझ्याकडे फोटोसुद्धा नव्हता. नवरात्रात अष्टमीला आम्ही दोघी कामावरून थेट टेंभी नाक्याला जायचो, देवीला. म्हणून मी अजून दर अष्टमीला जाते. घरचे म्हणतात, मावशीची केवढी भक्ती. देवी मला माफ करो, मी तिच्याकडे बघतही नाही धड. रांगेतल्या बायकांची तोंडं बघत असते. आधी तरुण बायकांची बघायचे, मग संसारी बायकांची, आता म्हाताऱ्यांची बघते. मला ती हवी होती, बस. का बोलायची बंद झाली तेसुद्धा नंतर विचारलं असतं.

"मावशी," प्रीतम खांदा हलवत होता. "काय झालं? कापू का तार?"

"हात लावशील तर बघ," मी म्हटलं. त्याने हात मागे घेतला. "हरिहररावांना फोन लाव. मोटर कोणाकडून भरली विचार."

प्रीतमने स्वतः फोन केला, ह्यावरून माझा चेहरा कसा झाला असेल ते कळावं. बाळकुमला निशिगंधा नावाची मुलगी आहे, इन्स्टाग्रामवर ऑर्डर घेते. भरते तिची आजी. पण हरिहरराव म्हणाले, आता काही पाठवू नका, आजी काम बंद करतेय. मोटरी बिघडायला लागल्यात म्हणून.

"जाऊ दे मग," प्रीतम म्हणाला.

मी ब्लाउज इस्त्रीला टाकला.

आधी फोन करून जावं, ही रीत मला ठाऊक आहे. पण फोन केला असता आणि नको म्हणाली असती तर? दारात उभं राहिल्यावर नको म्हणायला जास्त जोर लागतो. पिशवीत हरिहररावांची गाडी, सोल्डरिंगचं सामान आणि भेंडीची भाजी घेतली. ठाण्याला उतरून रिक्षा केली. रिक्षावाला म्हणाला, बाळकुममध्ये कुठलं कॉम्प्लेक्स? मी हरिहररावांनी दिलेल्या पत्त्यातलं नाव वाचून दाखवलं. जिथे तिच्या बापाचं भात लागायचं, तिथे आता तीन टॉवर आणि एक कारंजं आहे. बिल्डरने जमिनीच्या बदल्यात गोदाच्या भावांना फ्लॅट दिले, त्यातला एक भावांनी तिला दिला, हे मला नंतर कळलं. तेव्हा लिफ्टच्या आरशात बघत मी एवढाच विचार करत होते, की ही मला ओळखेल तरी का.

दार एका मुलीने उघडलं. हीच निशिगंधा, आत्ताच कॉलेज संपवल्यासारखी दिसणारी. मी नाव-गाव सांगितलं. ती आत वळून म्हणाली, "आजी, डोंबिवलीच्या मंजुळाबाई आल्यात."

आतून भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग ती बाहेर आली. केस पांढरे, अंगाने भरलेली, नाकातली मुरणी तीच. पदराला हात पुसत होती, डावा.

"कशाला आयलीस?" ती म्हणाली.

रस्ताभर ठरवलेलं सगळं विसरले. म्हटलं, "भेंडी आणलीय."

ती हसली नाही. पण बस म्हणाली. निशिगंधाने पाणी दिलं. हॉलच्या कोपऱ्यात छोटा ट्रॅक मांडलेला, बाजूला टेबलावर चार-पाच गाड्या, दिवा, तारेची रिळं. मी हरिहररावांची गाडी काढून टेबलावर ठेवली. तिने लगेच ओळखली आणि तिचा चेहरा पडला.

"म्हंजे तू आता हे दाखवाला आयलीस," ती म्हणाली. "तवा सायबाला दाखवाचीस, आता मना दाखवतेस."

"कोणाला काय दाखवलं मी?"

"तू माज्या मोटरी उघरायचीस. जेवाच्या सुट्टीत मी परत आयलेली, तवा बगलं. माज्याच ट्रेतल्या, दुसऱ्या कोनाच्या नाय. खोट काराला. मी तुला जीव लावलेला आन् तू माज्या मोटरी सोरवत बसलेली." तिचा आवाज फाटला. "तवा खोट नव्हती गो माज्या हातान. एक गारी माघारी नाय आली कंपनीन. आता बग, म्हातारपनी खरीच आयली. काय गाऱ्या सरल जातान, काय उलट्या. तोच हात, तीच तार. हाताचा भरवसाच रायला नाय. निशीला बोलले, बंद कर."

म्हणजे इतकी वर्षं ही माझ्यावर ह्यासाठी रुसलेली. मला राग आला, खरंच सांगते, असा राग आला की त्या कारंज्यात ढकलून द्यावी. तिने एक शब्द विचारायचा होता. एकच. आणि मीसुद्धा एकच शब्द सांगायचा होता, पण तो स्वतःवरचा राग मी दाबला.

"ह्यातल्या सरळ जाणाऱ्या कुठल्या?" मी निशिगंधाला विचारलं. तिने दोन गाड्या पुढे केल्या, एक निळी, एक पिवळी. लोकांनी मोटरी भरायला अख्ख्या गाड्याच पाठवलेल्या, गोदाने जुन्या तारांवरच परत जोडलेल्या. ट्रॅकवर निळी ठेवली. गेली सरळ, सुरेख. हरिहररावांची लाल ठेवली, ती मागे आली आणि शेपूट फिरवून खाचेबाहेर पडली. गोदाने तोंड दुसरीकडे केलं.

मी निळी उघडली. "इकडे बघ गोदा. ही तार इथे असायला हवी, ती तिथे. सरळ जोडणी अशी. ह्या निळीत मात्र ही तार वरून त्या बाजूला गेलीय. आता पिवळी बघ." उघडली. तिच्यातही तसंच. "आणि ही लाल. हिच्या तारा सरळ. निळी आणि पिवळी तेव्हा कंपनीतही तूच भरलेल्या. लाल दुसऱ्या कोणीतरी भरलेली."

निशिगंधाला आधी कळलं. "आजी, तू डाव्या हाताने भरतेस. म्हणून सगळ्या उलट फिरतात. पहिल्यापासून."

"आणि ज्या तू तेव्हा भरल्यास त्यांच्या तारा मी उलट जोडल्यात," मी म्हटलं. "तुझ्याच ट्रेतल्या उघडायचे, बरोबर आहे. दुसऱ्या कोणाच्या उघडायची गरजच नव्हती."

गोदाने निळी गाडी उचलली. डोळ्यांजवळ नेली. त्या आडव्या गेलेल्या तारेवरून बोट फिरवलं, सोल्डरच्या ठिपक्यावर थांबवलं. खाली रिक्षा वळवल्याचा आवाज येत होता.

"मंग सांगितलं का नाय मना?" तिने विचारलं. आवाज एकदम बारीक.

"सांगितलं असतं तर तू सरळ भरायला शिकली असतीस."

"शिकलेच असते. दोन दिसान."

"तेच. मग तुझ्या मोटरींना मी कशाला लागले असते?"

हे मी कधी स्वतःलासुद्धा बोललेले नव्हते. साहेब, पॅकिंग, सुगंधा, ती सगळी कारणं खरी, पण त्यांच्या खाली हे होतं. दिवसभर तिच्या हातची वस्तू माझ्या हातात यायची आणि माझ्याशिवाय ती पुढे जायची नाही, ह्याचं मला सुख होतं. माझे डोळे भरले. मी ते पुसले नाहीत, बघू दे म्हटलं तिला.

निशिगंधा उठून आत गेली, शहाणी पोरगी. गोदाने निळी गाडी खाली ठेवली. मग भेंडीच्या डब्याचं झाकण काढून बघितलं.

"अजून गवतच खातेस," ती म्हणाली.

"खाते. टेंभी नाक्याला पण जाते दर वर्षी. अष्टमीला. तुला शोधायला."

तिचा हात डब्यावरच थांबला. "मी पन जाते," ती म्हणाली. "एक वरीस चुकवलं नाय. पयल्या मालेला जाते." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "अस्टमीला तू असशील, म्हनून."

त्याच मांडवात, त्याच देवीसमोर, मी सात दिवस उशिरा उभी राहत होते, इतकी वर्षं.

मग मी सोल्डरिंग लावलं, दुसरं काय करणार. लाल गाडीच्या दोन तारा सोडवल्या, अदलाबदल करून जोडल्या. ट्रॅकवर ठेवली. गोदाने बटण दाबलं आणि गाडी सरळ गेली, वळणावर जराशी डुलली आणि फिरून तिच्यापाशी आली. तेवढ्यात हरिहररावांचा फोन. प्रीतमने माझा नंबर दिलेला, तो बाथरूममध्ये असणार.

"झाली का हो सरळ?"

"झाली. तारा उलट जोडल्या."

"मंजुळाबाई, मी सांगितलेलं, कंपनीच्या जोडणीला हात लावायचा नाही म्हणून."

"कंपनीचीच जोडणी आहे," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

गोदा तोवर दिव्याखाली बसली होती. रिळातून तार ओढून तिने नवं आर्मेचर उजव्या हातात धरलं आणि डाव्याने गुंडाळायला घेतलं. मी तिच्या उजव्या बाजूला खुर्ची ओढली. तीन फांद्या भरून झाल्या. तिने दोऱ्याला अढी घातली, दातांनी दोरा तोडला आणि मोटर माझ्यासमोर सरकवली.

"घे मंजुला," ती म्हणाली. "तारा लाव."